आधी क्रमांक, मग भंगार

व्यापारी घराण्यात काही आकड्यांना हिशेबापलीकडचे मोल असते. पेढीच्या पहिल्या दूरध्वनीचा क्रमांक, जुन्या दुकानाच्या गाळ्याचा क्रमांक, वडिलांच्या पहिल्या मोटारीचा क्रमांक हे आकडे पिढ्यानपिढ्या तोंडपाठ राहतात. आपल्याकडे नवी गाडी घेताना बेरीज नऊ येणारा किंवा घरातील कोणाच्या जन्मतारखेशी जुळणारा क्रमांक मिळावा, म्हणून प्रादेशिक परिवहन कार्यालयात जादा शुल्क भरणारी कुटुंबे कमी नाहीत. गाडी जुनी होते, विकली जाते, भंगारात जाते. मग त्या आवडत्या क्रमांकाचे काय होते?

या प्रश्नाचा सर्वांत तपशीलवार विचार ब्रिटनने केला आहे. तेथे क्रमांक गाडीपासून वेगळा काढता येतो, कागदावर जपून ठेवता येतो आणि दुसऱ्या गाडीवर चढवता येतो. ज्यांची मुले-मुली त्या देशात स्थायिक झाली आहेत, त्यांच्या दृष्टीने ही माहिती केवळ कुतूहलाची नाही. जुनी गाडी निकालात काढताना कामांचा क्रम चुकला, तर हा हक्क कायमचा जाऊ शकतो.

एका घराची गोष्ट

उदाहरणादाखल एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. १९८८ साली जेथे जैन मंदिराची प्रतिष्ठा झाली, त्या लेस्टर शहरात कोल्हापूरकडचे एक गृहस्थ कापडाच्या व्यवसायात स्थिरावले. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत. धंद्याला बरकत आली तेव्हा त्यांनी एक मर्सिडीज घेतली आणि तिच्यावर स्वतःच्या नावाची आद्याक्षरे असलेला क्रमांक लावला. ती गाडी दुकानासमोर उभी दिसली, की अण्णा आत आहेत हे गिऱ्हाइकांना कळे. पुढे दृष्टी मंदावली, गाडी चालवणे थांबले. गाडी गॅरेजात गेली ती तेथेच राहिली. आठ-नऊ वर्षांनी अण्णा गेले.

आता घर विकायचे ठरले आहे आणि गॅरेज रिकामे करायचे आहे. गाडीची चाके जाम झाली आहेत, बॅटरी मेली आहे, टायर भेगाळले आहेत. धाकट्या मुलाने भंगारवाल्याला दूरध्वनी केला. शनिवारी येऊन गाडी उचलून नेतो, असे तो म्हणाला. त्या संध्याकाळी आईने सहज विचारले, "अरे, गाडी गेली तर जाऊ दे. पण अण्णांचा नंबर कुठे जाईल?"

आईने हे विचारले नसते, तर शनिवारी गाडीबरोबर क्रमांकही गेला असता. क्रमांक काढून न घेता गाडी भंगारात दिली, तर तो वापरण्याचा हक्क संपतो. नंतर कितीही अर्ज केले, तरी तो परत मिळवण्याचा साधा मार्ग नसतो.

क्रमांकाला किंमत कशी आली

ब्रिटनमध्ये मोटारींना क्रमांक देण्याची पद्धत १९०३ च्या मोटार कायद्याने आली आणि १ जानेवारी १९०४ पासून ती बंधनकारक झाली. प्रत्येक परगण्याच्या वा नगराच्या मंडळाला अक्षरे नेमून दिली होती. लंडनच्या वाट्याला 'ए' आले. 'ए १' हा क्रमांक मिळावा म्हणून तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचे थोरले बंधू अर्ल रसेल रात्रभर रांगेत उभे राहिले, अशी कथा सांगितली जाते. पसंतीच्या क्रमांकाची हौस पद्धतीइतकीच जुनी आहे, एवढे तरी त्यावरून दिसते.

पुढे १९६३ पासून क्रमांकाच्या शेवटी वर्षाचे अक्षर आले, १९८३ पासून ते आरंभी गेले आणि सप्टेंबर २००१ पासून आजची पद्धत सुरू झाली. आजच्या क्रमांकातील दोन अंकांवरून गाडीची नोंदणी कोणत्या सहामाहीत झाली हे कळते. म्हणून ज्यांतून वय कळत नाही अशा, म्हणजे १९६३ पूर्वीच्या धर्तीच्या वा उत्तर आयर्लंडच्या क्रमांकांना विशेष मागणी असते. १९८९ साली सरकारने स्वतःच क्रमांकांची विक्री सुरू केली आणि ही हौस राजकोषाच्या उत्पन्नाची बाब झाली. एसेक्स परगण्याच्या मंडळाकडे १९०४ पासून असलेला 'एफ १' हा क्रमांक २००८ साली सुमारे ४ लाख ४० हजार पौंडांना गेला. २०१४ साली '२५ ओ' या क्रमांकाने शुल्कासह ५ लाख पौंडांचा टप्पा ओलांडला.

सामान्य कुटुंबाकडील क्रमांकाला अशी किंमत येत नाही. तरीही दोन-तीन अक्षरे आणि थोडे अंक असलेल्या जुन्या धर्तीच्या क्रमांकाला बाजारात गिऱ्हाईक असते. पुष्कळदा भंगारातील गाडीपेक्षा तिच्यावरील पाटीच महाग ठरते.

मालकी नव्हे, हक्क

येथे एक मूलभूत गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. क्रमांक विकत घेतला असे म्हटले, तरी तो सरकारचाच राहतो. विकत मिळतो तो केवळ वापरण्याचा हक्क. गाडीवर असलेल्या क्रमांकाचा हा हक्क ज्याच्या नावे गाडीची नोंद आहे त्याचा असतो. गाडीचे पैसे कोणी भरले, याला येथे महत्त्व नाही.

यातून व्यापारी घरांना सावध करणारा एक निष्कर्ष निघतो. अण्णांचा क्रमांक जपून ठेवला आणि पुढे हौसेने कंपनीच्या नावे असलेल्या गाडीवर चढवला, तर हक्क कंपनीचा होतो. भागीदार वेगळे झाले वा कंपनी अडचणीत आली, तर कुटुंबाची आठवण कंपनीच्या जिंदगीत मोजली जाऊ शकते. जावयाच्या गाडीवर चढवला तर तो जावयाचा. भाडेपट्ट्याच्या वा हप्त्यांवरच्या गाडीवर चढवला, तर गाडी परत करण्यापूर्वी तो काढून घ्यायला हवा. प्रेमाने दिलेल्या वस्तूचीही नोंद कोणाच्या खात्यावर पडते आहे, हे पाहूनच ती द्यावी.

मृतप्राय गाडीची अडचण

हे सारे व्यवहार वेल्समधील स्वान्सी येथील वाहन परवाना संस्थेकडे होतात. क्रमांक काढून घेण्याचे शुल्क ८० पौंड आहे. 'लॉगबुक' म्हणून ओळखले जाणारे नोंदणीपत्र हाताशी असेल, तर एरवी अर्ज घरबसल्या संगणकावरून होतो. मग अडचण कोठे येते? ती गाडीच्या अवस्थेत येते.

नियमानुसार ज्या गाडीवरून क्रमांक काढायचा, ती गाडी त्या देशात नोंदलेली असावी, स्वतःच्या इंजिनाच्या बळावर हलणारी असावी, वार्षिक तपासणी लागू असलेल्या प्रकारची असावी आणि मागितल्यास प्रत्यक्ष पाहणीसाठी हजर करता यावी. शिवाय गेली पाच वर्षे सलग तिचा रस्ताकर भरलेला असावा, किंवा ती रस्त्याबाहेर ठेवल्याची 'सॉर्न' नावाची वैधानिक सूचना दिलेली असावी. सॉर्नला पाच वर्षांहून अधिक काळ झाला असेल, तर गाडीचा कर नव्याने भरलेला हवा आणि तिच्याजवळ 'एमओटी' या तपासणीचा दाखलाही हवा.

प्रथमदर्शनी हे नियम जाचक वाटतात. भंगारात जाणाऱ्या गाडीला तपासणीत उत्तीर्ण करण्याचा खटाटोप कशासाठी? त्यामागे एक तर्क आहे. क्रमांक ही खऱ्या गाडीची ओळख आहे. केवळ गंजका सांगाडा वा जुना कागद दाखवून क्रमांक उचलू दिला, तर ज्या गाड्या अस्तित्वातच नाहीत त्यांच्या नावावर क्रमांकांचा व्यापार सुरू होईल. खातेदार हयात आहे याचा पुरावा बँक मागते, तसाच गाडी हयात असल्याचा पुरावा येथे मागितला जातो.

अण्णांची गाडी या नियमात बरोबर सापडते. सुदैवाने अण्णांनी गाडी उभी करतानाच सॉर्न दिली होती. ती दिली नसती आणि करही भरला नसता, तर पाच वर्षांची साखळी तुटली असती. मात्र सॉर्नला पाचाहून अधिक वर्षे उलटली आहेत. म्हणजे गाडी एकदा तरी रस्त्यावर येण्याजोगी करणे भाग आहे.

हिशेब मांडून पाहावा

अशा वेळी भावना आणि हिशेब या दोन्हींना समोरासमोर बसवावे. समजा, ब्रेक, टायर, बॅटरी आणि इंधनाची टाकी यांसाठी मेकॅनिकने ९०० पौंड सांगितले. तपासणीचे शुल्क मोटारीसाठी जास्तीत जास्त ५४.८५ पौंड. क्रमांक काढण्याचे ८० पौंड. एकूण १,०३४.८५ पौंड. त्यावर अल्पकाळाचा विमा आणि रस्ताकर. गाडी पुन्हा रस्त्याबाहेर गेल्यावर कराच्या उरलेल्या पूर्ण महिन्यांची रक्कम परत मिळते, ही जमेची बाजू. दुसरीकडे क्रमांकाची बाजारातील किंमत दोन-तीन जाणकार व्यापाऱ्यांकडून विचारून घ्यावी.

क्रमांक विकायचाच असेल, तर निर्णय या वजाबाकीवर सोडावा. तो घरात ठेवायचा असेल, तर वजाबाकी करून झाल्यावर एकच प्रश्न उरतो. हा खर्च आपण आनंदाने करणार आहोत का? भावंडांपैकी एकाला तो पटत नसेल, तर ते आधीच बोलून घ्यावे. हजार पौंडांपेक्षा नंतरची कुरबूर महाग पडते.

खर्च करायचे ठरले, तर मार्ग सरळ आहे. सॉर्न दिलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. पण आधी वेळ ठरवून तपासणीला नेण्याआणण्यापुरती सवलत आहे. त्यासाठी विमा मात्र हवा आणि गाडी सुरक्षित हवी, अन्यथा ती ट्रकवर लादून न्यावी. तपासणी उत्तीर्ण झाली की कर भरावा. मग क्रमांक काढून घेण्याचा अर्ज करावा.

नोंदणीकृत व्यक्ती निवर्तली असेल, तर अर्जाबरोबर मृत्यूचा दाखला आणि मृत्युपत्रासारखे अधिकाराचे पुरावेही लागतात. असा अर्ज टपालाने, सर्व वारसांशी बोलून आणि कागदांच्या प्रती ठेवून करावा. येथे घाई उपयोगी पडत नाही.

कागद हाती आल्यावरच भंगारवाला

अर्ज मंजूर झाला, की गाडीला दुसरा, बहुधा तिचा मूळचा क्रमांक मिळतो आणि नवे नोंदणीपत्र येते. जपलेल्या क्रमांकाचे प्रमाणपत्र 'व्ही ७७८' या नावाने वेगळे येते. ही दोन्ही कागदपत्रे हाती आल्याशिवाय गाडी कोणाच्या स्वाधीन करू नये.

त्यानंतर गाडी अधिकृत मोडणी केंद्रातच द्यावी. तेथे मोडणीचा दाखला मिळतो आणि गाडीची जबाबदारी संपते. गाडी दिल्याचे परवाना संस्थेला कळवणे आवश्यक आहे. न कळवल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. भंगाराचे पैसे रोखीने घेण्यास तेथे कायद्याने बंदी आहे. ते धनादेशाने वा बँकेतूनच यावे लागतात. रोख देऊ करणारा भंगारवाला आला, तर त्याला दारातूनच नमस्कार करावा.

अपघाताच्या प्रसंगी आणखी एक सावधगिरी हवी. गाडी पूर्ण निकामी ठरवून विमा कंपनी भरपाई देते तेव्हा गाडी कंपनीच्या ताब्यात जाते. भरपाई स्वीकारण्यापूर्वीच क्रमांक आपण राखून ठेवणार असल्याचे कंपनीला लेखी कळवावे.

दहा वर्षांची मुदत

पूर्वी हे प्रमाणपत्र दरवर्षी २५ पौंड भरून चालू ठेवावे लागे. मार्च २०१५ पासून त्याची मुदत दहा वर्षांची झाली आणि नूतनीकरणाचे शुल्क रद्द झाले. ही सवलत मोठी आहे, पण तिच्यातच धोका लपलेला आहे. दरवर्षी करायचे काम लक्षात राहते. दहा वर्षांनी करायचे विस्मरणात जाते. मुदतीत नूतनीकरण केले नाही तर हक्क संपतो. घर बदलले आणि पत्ता कळवला नाही, तर स्मरणपत्र जुन्या दारात पडून राहते. मुदत ठेवीच्या पावतीची तारीख जशी वहीत लिहून ठेवतात, तशी या प्रमाणपत्राचीही लिहून ठेवावी.

क्रमांक पुन्हा गाडीवर चढवताना वेगळे शुल्क पडत नाही. काही पथ्ये मात्र आहेत. गाडी आहे त्याहून नवी भासेल असा क्रमांक तिच्यावर लावता येत नाही. जुनी भासली तर चालते. नवी पाटी नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच, ओळखीचा व हक्काचा पुरावा दाखवून करून घ्यावी लागते. अक्षरांतील अंतर कमी-जास्त करून नाव वाचता येईल अशी पाटी बनवण्याचा मोह अनेकांना होतो. तो दंडनीय आहे आणि त्यापायी क्रमांकच काढून घेतला जाऊ शकतो. विमा कंपनीला नवा क्रमांक कळवणेही विसरू नये.

फार जुन्या गाड्यांसाठी एक निराळी वाट आहे. १९७० च्या दशकात स्थानिक मंडळांच्या वह्यांतील नोंदी स्वान्सीच्या संगणकावर नेण्यास आरंभ झाला आणि १९८३ साली ती मुदत संपली. ज्या गाड्यांची नोंद राहून गेली, त्यांचे क्रमांक बाद ठरले. जुनी नोंदणी पुस्तिका आणि जाणत्या मोटार क्लबाची शिफारस असेल, तर 'व्ही ७६५' या योजनेखाली असा क्रमांक त्याच गाडीला परत मिळू शकतो. मात्र तो पुढे दुसऱ्या गाडीवर नेता येत नाही.

आपल्याकडे

भारतात नोंदणी क्रमांक मुळात गाडीचा मानला जातो. क्रमांक राखून ठेवण्याबाबतचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२४ च्या अधिसूचनेने आकर्षक क्रमांकांचे शुल्क वाढले. मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी चारचाकीसाठी '०००१' या क्रमांकाला ४ लाखांऐवजी ६ लाख रुपये मोजावे लागू लागले. त्याच वेळी असा क्रमांक पती-पत्नी, मुलगा वा मुलगी यांच्या नावे करण्याची मुभाही मिळाली. पेढीच्या जुन्या गाडीचा क्रमांक जिव्हाळ्याचा असेल, तर गाडी मोडीत देण्यापूर्वी आपल्या परिवहन कार्यालयात जाऊन आजचा नियम विचारावा. देश कोणताही असो, गाडी गेल्यावर केलेली चौकशी उपयोगी पडत नाही.

वडीलधाऱ्यांसाठी चार शब्द

लेस्टरच्या त्या घरातील सारा खटाटोप अण्णांना हयातीत एका दुपारच्या कामात टाळता आला असता. गाडी चालवणे थांबवले त्या वर्षी ती चालत होती, कागद त्यांच्या नावे होते, सही त्यांची होती. क्रमांक तेव्हाच प्रमाणपत्रावर उतरवून कोणाला द्यायचा हे लिहून ठेवले असते, तर ९०० पौंडांच्या दुरुस्तीचा प्रश्नच आला नसता. पण गाडी विकत नाही, पुन्हा चालवीन, असे म्हणत माणसे दिवस काढतात. बंद बँक खाती, विसरलेले समभाग, नामनिर्देशन न केलेल्या ठेवी यांचे असेच होते. ठेवणाऱ्याला त्या ठाऊक असतात, मागे राहिलेल्यांना शोधाव्या लागतात.

आणि कधीकधी क्रमांक वाचवता येत नाही. चेसिस गंजून गेलेली असते, सॉर्नची साखळी तुटलेली असते, किंवा खर्च कोणालाच परवडणारा नसतो. तेव्हा तो जाऊ द्यावा. गाडी नेण्यापूर्वी तिच्यासह आईचे एक छायाचित्र काढावे आणि जुनी पाटी उतरवून घरात ठेवावी. पाटीवर हक्क उरणार नाही, पण आठवणीला हक्काचा कागद लागत नाही.

त्या घरात मात्र शनिवारी भंगारवाला आला नाही. थोरल्या मुलाने त्याला नम्रपणे थांबायला सांगितले, मेकॅनिकला बोलावले आणि अण्णांच्या कपाटातील कागदांची पिशवी टेबलावर उपडी केली. नोंदणीपत्र होते, सॉर्नची पोहोच होती. आईने पिशवीवर आपल्या हाताने लिहिले, 'गाडीचे कागद, फेकू नये.' क्रमांक मिळाला तर तो कोणाच्या नावे ठेवायचा, याची चर्चा त्याच टेबलावर, तिच्यासमोर सुरू झाली.